विश्लेषण : बीपीचे ॲप खरेच बीपी उतरवते का?

ॲप स्टोअरमध्ये ‘बीपी’ एवढेच टाइप केले, की लाल हृदयाची चित्रे असलेल्या ॲपची रांगच लागते. एखादे गोळीची आठवण करून देते, एखादे आलेख काढते, एखादे मिठाचा हिशेब ठेवते, तर एखादे चक्क ‘कॅमेऱ्यावर बोट ठेवा, रक्तदाब सांगतो’ असे म्हणते. ही सगळी एकाच यादीत, सारख्याच चार-साडेचार ताऱ्यांसह दिसतात. त्यातले उपयोगाचे कोणते, नुसते निरुपद्रवी कोणते आणि धोकादायक कोणते, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत अशा ॲपच्या बऱ्याच शास्त्रीय चाचण्या झाल्या. त्यांतून दिसणारे चित्र ॲपच्या जाहिरातीपेक्षा वेगळे आहे. फोनमध्ये भरलेला आकडा पलीकडे कुणी वाचणार असेल आणि तो वाचून गोळी बदलणार असेल, तर फायदा होतो. तसे कुणी नसेल, तर बहुतेक ॲप म्हणजे सुंदर वही.

मुळात घरी नोंद ठेवण्याची गरज का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या दर १०० पैकी साधारण ३७ जणांचेच निदान झालेले आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे तो जेमतेम १५ जणांचा. म्हणजे निदान झालेल्यांमध्येही निम्म्याहून अधिक लोकांचा आकडा वरच आहे.

याचे एक कारण या आजाराच्या स्वभावातच आहे. रक्तदाब वाढला म्हणून बहुतेकांना काहीच होत नाही. डोके दुखतेच असे नाही, चक्कर येतेच असे नाही. गोळी घेतल्यावर बरे वाटत नाही आणि सोडल्यावर लगेच वाईटही वाटत नाही. त्यामुळे आकडा हाच एकमेव पुरावा. तो दवाखान्यात दोन-तीन महिन्यांतून एकदा घेतला जातो, तोही जिने चढून, रांगेत ताटकळून, डॉक्टरांसमोर थोडे घाबरून. काहींचा बीपी फक्त दवाखान्यातच वाढतो. काहींचे उलट असते, दवाखान्यात व्यवस्थित आणि घरी-ऑफिसात चढलेला. हा दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून घरच्या मोजमापाला जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महत्त्व आले आणि त्यापाठोपाठ ॲपही आली.

कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब कळतो का?

नाही. इथे थोडे तांत्रिक खोलात जायला हवे, कारण सर्वाधिक फसवणूक याच ठिकाणी होते.

फोनचा फ्लॅश बोटावर पडतो, कॅमेरा परत येणारा प्रकाश टिपतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातले रक्त किंचित वाढते, प्रकाश किंचित कमी परततो. त्या चढ-उतारांतून नाडीचे ठोके मोजता येतात आणि ते बऱ्यापैकी अचूकही असतात. पण ठोके किती पडतात ही एक गोष्ट आणि रक्त धमनीच्या भिंतीवर किती जोराने दाबते ही दुसरी. नळाचे पाणी थेंबथेंब पडताना थेंब मोजून पाइपातला दाब सांगता येत नाही, तसेच हे आहे. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र वेगळे काम करते. ते पट्ट्यात हवा भरून धमनी काही क्षण बंद करते, हवा हळूहळू सोडते आणि रक्त पुन्हा वाहू लागताना पट्ट्यात उठणारी कंपने मोजते. म्हणजे तिथे प्रत्यक्ष दाबाशी दाब लावून पाहिलेला असतो. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये दाब कुठेच नसतो. असतो तो अंदाज.

तो अंदाज किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचे ॲप जून २०१४ मध्ये आयफोनसाठी आले. बोट कॅमेऱ्यावर आणि फोन छातीवर धरला की रक्तदाब सांगतो, असा दावा. किंमत सुमारे ५ डॉलर. जुलै २०१५ अखेर ते काढून टाकले जाईपर्यंत १५६ दिवस ते सर्वाधिक खपाच्या ५० आयफोन ॲपमध्ये होते. नंतर जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ८५ जणांवर ते तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, त्यांच्यापैकी जवळपास ७८ टक्के लोकांना ॲपने ‘वाढलेला नाही’ असे सांगितले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. सुमारे ५ लाख ९६ हजार डॉलरचा आदेश निघाला, पण कंपनीकडे पैसे नसल्याने तो स्थगित ठेवला गेला.

यातली गंमत, खरे तर भीती, अशी की असे ॲप निरोगी माणसाला बरोबरच वाटते. वय, उंची, वजन विचारून १२० च्या आसपासचा आकडा दाखवला, की तरुण, धडधाकट माणसाच्या बाबतीत तो जुळतोच. चुकतो तो नेमका त्याच्या बाबतीत, ज्याला खरा आकडा कळणे गरजेचे होते. आणि ‘नॉर्मल’ पाहून खूश झालेला माणूस पाच तारे देऊन मोकळा होतो. आजही स्टोअरमध्ये अशी ॲप आहेत. काहींनी तळाशी बारीक अक्षरांत ‘केवळ मनोरंजनासाठी’ असे लिहून हात झटकलेले असतात. सध्याची अनेक ॲप कॅमेऱ्याने फक्त ठोके मोजतात आणि बीपीचा आकडा स्वतः भरायला सांगतात, पण चित्रे आणि नाव मात्र असे की वापरणाऱ्याला वाटावे, ॲपच मोजते आहे.

गोळीची आठवण करून देणारे ॲप तरी उपयोगी ना?

हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. गोळी विसरली म्हणून बीपी वाढतो, मग आठवण केली की उतरायला हवा. अमेरिकेत ४११ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमके हेच तपासले गेले. सगळ्यांचा रक्तदाब आटोक्याबाहेर होता. निम्म्यांना ‘मेडिसेफ’ हे ॲप दिले, निम्म्यांना नाही. १२ आठवड्यांनंतर ॲपवाल्यांनी गोळ्या थोड्या अधिक नियमित घेतल्याचे स्वतः सांगितले. पण वरचा आकडा ॲप असलेल्यांचा सरासरी १०.६ ने उतरला आणि ॲप नसलेल्यांचा १०.१ ने. म्हणजे फरक शून्याच्या जवळ.

आता याच्या शेजारी ब्रिटनमधली ‘होम बीपी’ चाचणी ठेवून पाहावी. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ७६ दवाखान्यांतले ६२२ रुग्ण. त्यांतल्या एका गटाने घरी ठरावीक काळाने मोजायचे आणि आकडे वेबसाइटवर भरायचे. महत्त्वाचा भाग पुढे होता. उपचार सुरू करतानाच डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी ‘आकडा वर राहिला तर पहिला बदल हा, दुसरा हा, तिसरा हा’ असे औषधांचे तीन टप्पे आधीच ठरवून ठेवले होते. घरचे आकडे सतत वर दिसले, की रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही सूचना जाई आणि पुढचा टप्पा सुरू होई. वर्षअखेर या गटाचा वरचा आकडा नेहमीच्या उपचारांपेक्षा ३.४ ने अधिक उतरला होता.

३.४ हा आकडा किरकोळ वाटेल. पण मोठ्या प्रमाणावरील औषध-चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वरचा आकडा ५ ने उतरला, की हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले आहे. एका माणसाला जाणवणार नाही, पण एका तालुक्याला जाणवेल.

दोन्ही चाचण्यांत तंत्रज्ञान होते. पहिलीत ते रुग्णालाच टोचत राहिले, दुसरीत डॉक्टरांनाही. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत सगळा दोष रुग्णाच्या विसरभोळेपणावर टाकण्याची सवय जुनी आहे. पण गोळी रोज घेऊनही आकडा १५० वरच आहे आणि दर भेटीत ‘चालू ठेवा, मीठ कमी करा, पुढच्या महिन्यात बघू’ एवढेच ऐकायला मिळते, हे चित्र आपल्याकडे काही कमी ओळखीचे नाही. हे औषध-बदलाचे रेंगाळणे कुठलेही रिमाइंडर दुरुस्त करू शकत नाही.

जपानने यात आणखी पुढचे पाऊल टाकले. ‘क्युअरॲप एचटी’ हे ॲप तिथे २०२२ मध्ये उच्च रक्तदाबावरील उपचार म्हणून मंजूर झाले आणि विम्याच्या कक्षेतही आले. ते डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. ३९० रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी दिवसभराचा सरासरी वरचा आकडा २.४ ने अधिक उतरला होता. परिणाम माफकच, पण निदान तो मोजून, तपासून मग मान्यता दिली गेली.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

आहे, मात्र ते रुग्णाच्या नव्हे, परिचारिकेच्या फोनमध्ये. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि आपल्याकडे भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. या उपक्रमात ‘सिम्पल’ नावाचे ॲप वापरले गेले. रुग्णाला क्यूआर कोड असलेले कार्ड मिळते. परिचारिका ते स्कॅन करते, बीपी आणि चालू औषधे भरते, पुढची तारीख देते. तारीख उलटूनही जो आला नाही, त्याचे नाव यादीत वर येते आणि त्याला फोन जातो.

हे ॲप दिसायला अगदी साधे आहे. ना आलेखांची सजावट, ना ‘आज तुम्ही १० हजार पावले चाललात’ अशी शाबासकी. पण त्याच्यामागे चार गोष्टी उभ्या केल्या गेल्या. औषध कोणते आणि कधी वाढवायचे याचा ठरलेला क्रम, केंद्रात गोळ्यांचा साठा, डॉक्टरांबरोबर परिचारिकांनाही वाटून दिलेले काम आणि रुग्णाला घराजवळ मिळणारी सेवा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तो फक्त ॲपसाठी नव्हता हे उघड आहे. केंद्रात गोळीच संपलेली असेल तर क्यूआर कोड स्कॅन करून काय करणार?

त्याच वेळी या व्यवस्थेचा कणा दवाखान्यातले मोजमाप हाच आहे, हेही खरे. पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत यंत्र आहे, ॲप आहे, आकड्यांचा ढीग आहे, पण तो कुणी वाचत नाही. सातारा-भंडाऱ्यातल्या केंद्रावर वाचणारे माणूस आहे, पण घरचा आकडा नाही. या दोन टोकांची गाठ घालणे, हे खरे काम आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली काढली, ‘ई-संजीवनी’ही सुरू आहे. घरी घेतलेली सात दिवसांची सरासरी पाहून, ठरलेल्या क्रमाने औषध बदलायला या व्यवस्थेत जागा करणे अशक्य नाही. त्यासाठी नव्या ॲपची घोषणा करण्यापेक्षा डॉक्टर आणि परिचारिकांना त्या वेळेचा मोबदला आणि मनुष्यबळ देणे अधिक गरजेचे आहे. अर्थात घोषणा ॲपचीच सोपी असते.

स्मार्टवॉचवर किती विसंबावे?

तूर्त फारसे नाही. सॅमसंगच्या घड्याळाला रक्तदाब सांगण्यासाठी दर २८ दिवसांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे यंत्र घरात लागतेच. ॲपलच्या घड्याळातील सुविधेला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली, पण ती आकडा सांगत नाही. महिनाभराच्या नोंदींवरून ‘उच्च रक्तदाबाची शक्यता दिसते, यंत्राने तपासा’ एवढाच इशारा देते आणि ज्यांना उच्च रक्तदाब असल्याचे आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी ती नाहीच. इशारा आला नाही म्हणजे बीपी नाही, असा अर्थ काढणे चूक ठरेल. ऑनलाइन विक्रीत हजार-दीड हजारात मिळणाऱ्या, मनगटावर बीपी दाखवणाऱ्या पट्ट्यांबद्दल न बोललेलेच बरे.

मग घरी ॲप वापरायचे तर कसे?

पैसे खर्च करायचे ते ॲपवर नव्हे, यंत्रावर. दंडाला बांधायचे, अचूकतेची स्वतंत्र चाचणी झालेले यंत्र घ्यावे. रक्तदाबावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर अशा यंत्रांची यादी मोफत पाहता येते. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच वर दिसतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, हात टेबलावर टेकलेला. मोजताना बोलू नये, फोन तर घेऊच नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस असे करून पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही सीमा मानली जाते, घरी ती १३५/८५ अशी थोडी खाली असते. अनेक ॲप हा फरकच करत नाहीत आणि घरचा १३८ हिरव्या रंगात दाखवतात. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या बाबतीत स्वयंचलित यंत्रे चुकू शकतात, त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कोणते यंत्र आणि किती वेळा हे डॉक्टरांनाच विचारावे.

नोंदीतली आणखी एक चलाखी घराघरात चालते. एका बैठकीत सहा वेळा मोजायचे आणि त्यातला सर्वांत छान आकडा ॲपमध्ये भरायचा. आजोबा हे मुलाला दाखवायला करतात, मुलगा स्वतःच्या समाधानासाठी. ब्लूटूथने यंत्रातून थेट आकडा घेणाऱ्या ॲपचा खरा फायदा हाच, की त्याला लाडीगोडी लावता येत नाही. उलट, काहींना दर तासाला मोजायचा चाळा लागतो, काळजीने आकडा आणखी चढतो. त्यांनी ॲपमधल्या सूचना बंद करून फक्त ठरलेल्या आठवड्यात मोजावे.

मिठाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपकडून फार अपेक्षा नको. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. पण लोणच्याची फोड, दोन पापड, ठेचा आणि आमटीतले मीठ कुठल्या ॲपला नेमके कळणार? महिन्याला घरात मिठाचे किती पुडे संपतात आणि खाणारी तोंडे किती, हा हिशेब ॲपपेक्षा बरा. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये.

कायदा काय सांगतो?

एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश आहे. म्हणजे निदान करण्याचा दावा करणारे ॲप नियमनाच्या कक्षेत येऊ शकते. प्रत्यक्षात स्टोअरमधल्या यादीवर त्याचा मागमूस दिसत नाही, कारण बहुतेक ॲप स्वतःला ‘वेलनेस’ म्हणवून घेतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला लावण्याचा अधिकार दिला आहे. तरी फुकट ॲपने बीपी नोंदवताना संपर्कयादी किंवा लोकेशन मागितले, तर ‘नाही’ म्हणण्यासाठी कायदा वाचण्याची गरज नाही.

आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा दिसणे अंधूक होणे असे काही असेल, तर ॲपमध्ये नोंद करत बसू नये; १०८ ला फोन करावा. लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटे बसून पुन्हा मोजावे आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

पुढच्या तपासणीला जाताना फोनमधले दोनशे आकडे डॉक्टरांपुढे सरकवत बसण्यापेक्षा सात दिवसांची सरासरी एका चिठ्ठीवर लिहून न्यावी. सोबत घरचे यंत्रही पिशवीत टाकावे. दवाखान्यातल्या यंत्राशी ते तिथेच लावून पाहता येते.